संकेतस्थळाची दाखल नोंदवही : फ्रंट-एंड लायब्ररी आणि डिपेंडन्सी मॅनेजर

गावातील एखाद्या वाचनालयाचे संकेतस्थळ पाच-सहा वर्षांपूर्वी कुणा उत्साही विद्यार्थ्याने तयार करून दिलेले असते. पुढे तो विद्यार्थी नोकरीनिमित्त परगावी जातो. संकेतस्थळ मात्र चालू राहते. एके दिवशी मोबाइलवर त्याचा मेनू उघडेनासा होतो, किंवा पान उघडताच भलतीच जाहिरात समोर येते. दुरुस्तीसाठी बोलावलेला तंत्रज्ञ फोल्डर उघडतो, तेव्हा त्याला ‘जेक्वेरी’, ‘जेक्वेरी नवी’ आणि ‘जेक्वेरी अंतिम’ अशा नावांच्या तीन फाइली दिसतात. त्यांपैकी वापरात कोणती आहे, ती कुठून आणली, तिची आवृत्ती कोणती आणि तिच्यात कुणी हाताने फेरफार केले आहेत काय, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर कुठे लिहून ठेवलेले नसते. मूळ बिघाड किरकोळ असतो. परंतु नोंदीच्या अभावी तो किरकोळ राहत नाही.

ही नोंद आपोआप आणि अचूक ठेवणाऱ्या साधनास ‘डिपेंडन्सी मॅनेजर’ म्हणतात. फाइली झटपट उतरवून देणारे साधन, अशी त्याची सर्वसाधारण ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. दुसऱ्याकडून आपण काय घेतले, कोणत्या आवृत्तीत घेतले आणि कोठून घेतले, याची दाखल नोंदवही ठेवणे हे या साधनाचे खरे काम. त्याचे स्वरूप, वापराची रीत आणि त्यातील धोके यांचा परिचय करून देण्यासाठी हा लेख आहे.

लायब्ररी आणि अवलंबित्व

संकेतस्थळाचा जो भाग वाचकाच्या ब्राउझरमध्ये दिसतो आणि चालतो, त्याला ‘फ्रंट-एंड’ असे नाव आहे. मजकुराची रचना एचटीएमएल, त्याचे रूप सीएसएस आणि त्याची हालचाल जावास्क्रिप्ट ठरवते. मेनू उघडणे व मिटणे, छायाचित्रांची मालिका सरकवणे, अर्जातील रिकामा राहिलेला रकाना दाखवून देणे ही कामे हजारो संकेतस्थळांवर सारखीच असतात. ती प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी कुणीतरी एकदा नीट लिहून सर्वांसाठी खुली केलेली संहिता म्हणजे लायब्ररी.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘जेक्वेरी’ ही या प्रकारातील सर्वपरिचित लायब्ररी. ट्विटर कंपनीतील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी घडवलेले ‘बूटस्ट्रॅप’ २०११ मध्ये खुले झाले. दोन्ही एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहेत. मूळ हक्कसूचना कायम ठेवली, तर त्या विनामूल्य वापरता, बदलता आणि वाटता येतात.

लायब्ररी क्वचितच एकटी येते. बूटस्ट्रॅपच्या चौथ्या मालिकेला चालण्यासाठी जेक्वेरी आणि ‘पॉपर’ या दोन लायब्रऱ्या लागत. २०२१ मध्ये आलेल्या पाचव्या मालिकेत जेक्वेरीची गरज संपली, पॉपरची राहिली. एका लायब्ररीला दुसरीची, दुसरीला तिसरीची अशी जी गरज असते, तिला अवलंबित्व किंवा डिपेंडन्सी म्हणतात. लहान संकेतस्थळात ही साखळी दोन-तीन कड्यांची असते. मोठ्या प्रकल्पात ती शेकडो कड्यांपर्यंत जाते आणि हाताने सांभाळणे अशक्य होते.

पूर्वीच्या दोन रीती आणि त्यांतील उणिवा

पहिली रीत सरळ होती. लायब्ररीच्या अधिकृत पानावर जावे, फाइल उतरवून घ्यावी आणि ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवावी. हे एकदा करण्यात काही चूक नाही. अडचण दुसऱ्या वेळी येते. नवी आवृत्ती निघाली हे कळत नाही. कळलेच, तर जुन्या फाइलवर नवी फाइल टाकल्याने काय मोडेल याचा अंदाज येत नाही. मग जुनी ठेवून नवी शेजारी ठेवली जाते आणि ‘अंतिम’ नावाची फाइल जन्माला येते.

दुसरी रीत दुव्याची. लायब्ररीची फाइल आपल्याकडे न ठेवता ती पुरवणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता पानात लिहावयाचा. या सर्व्हरजाळ्याला सीडीएन म्हणतात. यात जागा वाचते, पण आपल्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये काय चालावे याचा निर्णय दरवेळी दुसऱ्याच्या हाती राहतो. याची किंमत २०२४ मध्ये जगाने पाहिली. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणारी ‘पॉलिफिल’ नावाची सेवा असंख्य संकेतस्थळे दुव्याने वापरत होती. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत तिचे डोमेन दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेले आणि जूनमध्ये तेथून पुरवल्या जाणाऱ्या संहितेत वाचकांना फसव्या पानांकडे वळवणारा भाग आढळला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर हा दुवा होता. त्यांच्या चालकांनी स्वतःच्या फाइलीत एक अक्षरही बदललेले नव्हते.

दुवाच द्यावयाचा झाल्यास त्यासोबत ‘इंटेग्रिटी’ हा गुणधर्म लिहिण्याची सोय आहे. त्यात मूळ फाइलीवरून काढलेली सांकेतिक ओळख दिलेली असते. आलेली फाइल तिच्याशी जुळली नाही, तर ब्राउझर ती चालवत नाही. मात्र दरवेळी वेगळी संहिता पाठवणाऱ्या सेवेला ही सोय लागू करता येत नाही. पॉलिफिल नेमकी त्याच प्रकारची होती.

साधनांचा अल्प परिचय

जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारे ‘नोड’ हे माध्यम रायन डाल यांनी २००९ मध्ये आणले. त्याच्या जोडीला आयझॅक श्लूटर यांनी ‘एनपीएम’ हा पॅकेज मॅनेजर तयार केला. २०१० मध्ये तो वापरात आला. प्रारंभी एनपीएमचा भर सर्व्हरवरील संहितेवर होता. त्यामुळे केवळ फ्रंट-एंडच्या फाइलींसाठी ट्विटरमधून २०१२ मध्ये ‘बॉवर’ निघाला. काही वर्षे तो लोकप्रिय होता. पुढे फ्रंट-एंडच्या लायब्रऱ्याही एनपीएमच्या भांडारात येऊ लागल्या आणि २०१७ मध्ये बॉवरच्या चालकांनीच वापरकर्त्यांना अन्य साधनांकडे वळण्याचा सल्ला दिला. जुन्या संकेतस्थळात ‘बॉवर.जेसन’ नावाची फाइल आढळली, तर ती त्या काळाची खूण समजावी.

२०१६ मध्ये फेसबुकने गूगल आणि इतरांच्या सहकार्याने ‘यार्न’ आणले. एकाच फाइलीच्या अनेक प्रती न ठेवता संगणकावर जागा वाचवणारा ‘पीएनपीएम’ही याच सुमारास पुढे आला. हे दोन्ही एनपीएमच्याच भांडारातून पॅकेजेस घेतात. एनपीएम कंपनी २०२० मध्ये गिटहबने विकत घेतली. गिटहब त्याआधीच मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले होते. पीएचपी भाषेतील प्रकल्पांसाठी ‘कंपोझर’ आणि व्हिज्युअल स्टुडिओ वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा ‘लिबमॅन’ ही साधने आहेत. तत्त्व सर्वांचे सारखेच असल्याने येथे एनपीएमचेच उदाहरण घेतले आहे.

आवृत्तीचे तीन आकडे

आवृत्ती हा शब्द ग्रंथव्यवहारातून आलेला आहे आणि येथेही तो चपखल बसतो. पाठ्यपुस्तकाची आवृत्ती बदलली आणि वर्गात दोन आवृत्त्या एकत्र आल्या, की पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. संगणकीय संहितेत हा घोळ टाळण्यासाठी तीन आकड्यांचा संकेत रूढ आहे. उदाहरणार्थ, ५.३.३ यातील पहिला आकडा प्रमुख आवृत्तीचा. तो बदलला, तर जुने काही मोडू शकते. दुसरा दुय्यम आवृत्तीचा. तो बदलला, तर नव्या सोयी आल्या, पण जुन्या चालू राहिल्या असे मानले जाते. तिसरा दुरुस्तीचा; तो बदलला, तर केवळ चुका सुधारल्या असे समजावे. या संकेताची मांडणी गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी केली.

एनपीएम आवृत्तीच्या आधी बहुधा ^ हे चिन्ह लिहितो. ^५.३.३ याचा अर्थ ५.३.३ किंवा तिच्यापुढील, परंतु ६.०.० च्या आतील कोणतीही आवृत्ती चालेल. ~५.३.३ असे लिहिल्यास ५.३.४ चालते, ५.४.० चालत नाही. चिन्हच नसेल, तर तीच आवृत्ती, दुसरी नाही. एक अपवाद ध्यानात ठेवावा. पहिला आकडा शून्य असेल, तर लायब्ररी अद्याप घडणीत आहे असे गृहीत धरले जाते. त्यामुळे ^०.२.३ ची मर्यादा ०.३.० पाशीच संपते.

हा संकेत म्हणजे लायब्ररीकर्त्याने दिलेला शब्द आहे, यंत्राने तपासलेली हमी नव्हे. दुरुस्तीच्या आवृत्तीतही नकळत काही मोडू शकते. म्हणून केवळ या आकड्यांवर विसंबता येत नाही. नेमकी कोणती आवृत्ती बसवली याची वेगळी नोंद लागते; तिचा विचार पुढे येईल.

प्रत्यक्ष कृती

पुढील आज्ञा टर्मिनलमध्ये लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

प्रथम नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याची दीर्घकाळ सांभाळली जाणारी, म्हणजे ‘एलटीएस’ असा शिक्का असलेली आवृत्ती घ्यावी. एनपीएम तिच्यासोबतच येतो. ‘नोड --व्हर्जन’ आणि ‘एनपीएम --व्हर्जन’ या आज्ञा दिल्यावर आकडे दिसले, म्हणजे स्थापना झाली. विंडोजवरील पॉवरशेलमध्ये एनपीएमची आज्ञा सुरक्षेच्या कारणास्तव अडवली गेली, तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तेथे काम करावे.

यानंतर संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इनिट -वाय’ ही आज्ञा द्यावी. त्यामुळे ‘पॅकेज.जेसन’ नावाची छोटी फाइल तयार होते. ती आपले मागणीपत्र. प्रकल्पाचे नाव आणि हव्या असलेल्या लायब्रऱ्यांची यादी तिच्यात राहते.

आता ‘एनपीएम इन्स्टॉल बूटस्ट्रॅप@५.३.३ --सेव्ह-एक्झॅक्ट’ अशी आज्ञा द्यावी. शेवटच्या शब्दामुळे मागणीपत्रात ^ चिन्ह येत नाही आणि नेमकी आवृत्तीच नोंदली जाते. आज्ञा पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी घडलेल्या दिसतात. मागणीपत्रात बूटस्ट्रॅपचे नाव येते, ‘नोड_मॉड्युल्स’ हा फोल्डर तयार होऊन त्यात बूटस्ट्रॅपच्या फाइली उतरतात, आणि ‘पॅकेज-लॉक.जेसन’ ही नवी फाइल जन्म घेते. बूटस्ट्रॅपला लागणारी पॉपर लायब्ररी आपण मागितलेली नसली, तरी तीही आलेली असते. २०२० मध्ये आलेल्या एनपीएमच्या सातव्या मालिकेपासून अशी सोबतीची पॅकेजेस आपोआप बसवली जातात.

येथे नवख्या माणसाची पहिली फसगत होते. लायब्ररी बसवली म्हणजे ती पानात आली असे नव्हे. नोड_मॉड्युल्स हे आपले कोठार आहे, वाचकांसाठी मांडलेले कपाट नव्हे. हा फोल्डर जसाच्या तसा सार्वजनिक सर्व्हरवर चढवू नये. त्यातील हव्या तेवढ्याच फाइली संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये न्याव्यात. बूटस्ट्रॅपच्या बाबतीत त्या दोनच आहेत: ‘डिस्ट’ फोल्डरमधील सीएसएस विभागातील ‘बूटस्ट्रॅप.मिन.सीएसएस’ आणि जेएस विभागातील ‘बूटस्ट्रॅप.बंडल.मिन.जेएस’. दुसऱ्या फाइलीत पॉपर आधीच समाविष्ट असल्याने ती पानात वेगळी जोडावी लागत नाही. सीएसएसचा दुवा पानाच्या शीर्षभागात, तर जावास्क्रिप्टचा मुख्य भाग संपण्याच्या आधी द्यावा.

ही नक्कल हाताने केली, तर पुन्हा विसरण्याची वेळ येते. म्हणून पॅकेज.जेसनमधील ‘स्क्रिप्ट्स’ विभागात तिच्यासाठी एक नाव ठरवून आज्ञा लिहून ठेवावी. ‘कॉपी’ असे नाव दिल्यास ‘एनपीएम रन कॉपी’ म्हणताच फाइली जागच्या जागी जातात. विंडोज आणि लिनक्सवरील नकलेच्या आज्ञा भिन्न आहेत. दोन्हींवर चालणारी सोय हवी असेल, तर नोडच्या ‘एफएस’ या अंगभूत विभागातील ‘सीपीसिंक’ हे फंक्शन वापरून दोन-तीन ओळींची फाइल लिहावी. प्रकल्प मोठा असेल, तर ‘व्हीट’ किंवा ‘वेबपॅक’ यांसारखे बंडलर हे काम करतात. लायब्ररीतील वापरात असलेला भाग निवडून ते एकत्र बांधून देतात. दहा-बारा पानांच्या संकेतस्थळाला त्यांची आवश्यकता नसते.

देवनागरी फाँटची व्यवस्था

मराठी संकेतस्थळासाठी फाँट हीसुद्धा एक डिपेंडन्सीच आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. बूटस्ट्रॅप वाचकाच्या उपकरणावरील फाँट वापरतो. त्यामुळे एकाच पानातील जोडाक्षरे एका फोनवर सुबक आणि दुसऱ्यावर ओबडधोबड दिसतात. यावर उपाय म्हणून पुष्कळजण गूगल फाँट्सचा दुवा जोडतात. तसे केल्याने प्रत्येक वाचकाच्या उपकरणाचा आयपी पत्ता त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो. जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या या कारणावरून एका संकेतस्थळाच्या चालकास शंभर युरो भरपाई देण्यास सांगितले होते.

तेच फाँट ‘फाँटसोर्स’ या प्रकल्पाने एनपीएमच्या भांडारात पॅकेजरूपाने ठेवले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ हा फाँट ‘एनपीएम इन्स्टॉल @फाँटसोर्स/मुक्ता’ या आज्ञेने आपल्याकडे येतो. त्याचा मुक्त परवाना तो स्वतःच्या सर्व्हरवरून पुरवण्याची मुभा देतो. पॅकेजमधील सीएसएस फाइल शेजारच्या ‘फाइल्स’ फोल्डरमधील फाँट शोधते. म्हणून दोहोंची नक्कल एकत्रच करावी. नुसती सीएसएस फाइल नेल्यास अक्षरे बदलत नाहीत आणि चूक कोठे झाली हे उमगत नाही.

मराठी वळणाचे ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या वळणापेक्षा वेगळे आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मराठी वळण गृहीत धरूनच केलेला आहे. इतर काही फाँटांत दोन्ही रूपे असतात आणि पानाची भाषा पाहून ब्राउझर योग्य रूप निवडतो. त्यासाठी पानाच्या आरंभीच्या टॅगमध्ये भाषेचा संकेत देणे आवश्यक आहे: मराठीसाठी ‘एमआर’, कोंकणीसाठी ‘केओके’. गोव्यात या दोन्ही भाषांतील मजकूर एकाच संकेतस्थळावर देवनागरीत येण्याचे प्रसंग नेहमीचे असल्याने हा संकेत पानागणिक, गरज पडल्यास परिच्छेदागणिक द्यावा.

कुलूपबंद नोंद

आता पॅकेज-लॉक.जेसन या फाइलीकडे वळू. एनपीएमच्या २०१७ मधील पाचव्या मालिकेपासून ती आपोआप तयार होऊ लागली. पॅकेज.जेसन हे मागणीपत्र असेल, तर ही दाखल नोंदवही होय. काय हवे होते हे पहिली सांगते. प्रत्यक्षात काय आले हे दुसरी. साखळीतील प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते ज्या पत्त्यावरून घेतले तो पत्ता आणि त्याची सांकेतिक ओळख एवढे तिच्यात लिहिलेले असते. ग्रंथालयात पुस्तकावर दाखल क्रमांक पडला, की ते कधी व कोणाकडून आले हे वीस वर्षांनंतरही सांगता येते. येथेही तसेच.

या नोंदीचा उपयोग ‘एनपीएम सीआय’ या आज्ञेने होतो. ती आधीचा नोड_मॉड्युल्स फोल्डर काढून टाकते आणि नोंदवहीत लिहिलेल्या त्याच आवृत्त्या पुन्हा आणते. मागणीपत्र आणि नोंदवही यांत विसंगती असेल, तर ती काम थांबवून तसे सांगते. आलेल्या पॅकेजची सांकेतिक ओळख जुळली नाही, तरीही थांबते. म्हणून नवीन लायब्ररी जोडताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि दुसऱ्या संगणकावर तेच संकेतस्थळ उभे करताना ‘एनपीएम सीआय’ असा नियम ठेवावा.

यावरून जतन काय करावयाचे हेही ठरते. पॅकेज.जेसन आणि पॅकेज-लॉक.जेसन या दोन्ही फाइली मूळ संहितेसोबत सांभाळाव्यात. गिट वापरत असल्यास त्या त्यात नोंदवाव्यात आणि नोड_मॉड्युल्सचे नाव ‘गिटइग्नोर’ फाइलीत लिहून तो फोल्डर वगळावा. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते: शेकडो मेगाबाइटचा फोल्डर जपला जातो आणि काही किलोबाइटची नोंदवही ‘ही कसली फाइल’ म्हणून पुसली जाते.

घडलेले अपघात

दुसऱ्याच्या संहितेवर विसंबण्याचा धोका काय असतो, हे २२ मार्च २०१६ रोजी स्पष्ट झाले. नावाच्या हक्कावरून झालेल्या वादात एनपीएमने विरुद्ध बाजू घेतल्याने अझर कोचुलू या प्रोग्रॅमरने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण बेबेलसारखी मोठी साधने त्याच्यावर अवलंबून होती आणि जगभरचे प्रकल्प बांधताना बंद पडले. काही तासांत एनपीएमने ते पॅकेज परत आणले. त्यानंतर प्रसिद्ध झालेले पॅकेज मनास येईल तेव्हा मागे घेण्यावर मर्यादा आल्या.

पुढील अपघात दुर्हेतूचे होते. २०१७ मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजच्या नावातील जोडरेघ वगळून कुणी खोटे पॅकेज ठेवले आणि घाईत टंकणाऱ्यांची गोपनीय माहिती चोरली. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजची देखभाल तिच्या थकलेल्या कर्त्याने एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली. त्याने साखळीत दुसरे पॅकेज घुसवून बिटकॉइनच्या एका वॉलेटला लक्ष्य केले. सप्टेंबर २०२५ मध्ये बनावट ईमेलला बळी पडलेल्या एका देखभालकर्त्याचे खाते हातात घेऊन ‘चॉक’ आणि ‘डीबग’ यांसारख्या अतिवापरातील पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध करण्यात आल्या. त्या थोड्याच वेळात हटवल्या गेल्या. परंतु त्या अवधीत ज्यांनी नव्या आवृत्त्या ओढल्या, ते सापडले. ज्यांची नोंदवही जुन्या, शुद्ध आवृत्तीवर कुलूपबंद होती आणि जे ‘एनपीएम सीआय’ वापरत होते, त्यांच्याकडे दूषित आवृत्ती पोहोचली नाही.

यांतून काही साधे नियम निघतात. पॅकेजचे नाव अधिकृत पानावरून पाहूनच लिहावे. दहा ओळींत भागणाऱ्या कामासाठी पॅकेज आणू नये. नवी आवृत्ती निघाली त्याच दिवशी ती घेऊ नये. काही दिवस थांबावे. पीएनपीएममध्ये तर अशी प्रतीक्षेची मुदत ठरवून ठेवण्याची सोयच आहे. स्थापनेच्या वेळी पॅकेजमधील संहिता आपोआप चालू नये म्हणून ‘--इग्नोर-स्क्रिप्ट्स’ हा पर्याय देता येतो. बूटस्ट्रॅप किंवा फाँट यांसारख्या निव्वळ फाइलींच्या पॅकेजला त्याने काही बाधत नाही.

मात्र कुलूप लावून विसरून जाणे हाही उपाय नव्हे. जेक्वेरीतील बाहेरून आलेला मजकूर हाताळण्यासंबंधीची सुरक्षेची एक त्रुटी एप्रिल २०२० मधील ३.५.० आवृत्तीत दूर झाली; त्याआधीच्या आवृत्त्यांत ती तशीच आहे. महिन्यातून एकदा ‘एनपीएम आउटडेटेड’ आणि ‘एनपीएम ऑडिट’ या आज्ञा द्याव्यात. पहिली कोणत्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली ते दाखवते, दुसरी ज्ञात त्रुटींची यादी तीव्रतेनुसार देते. ऑडिटने सुचवलेली ‘फिक्स --फोर्स’ ही आज्ञा मात्र विचार न करता देऊ नये. ती प्रमुख आवृत्तीची उडी मारून चालते पान मोडू शकते.

जुने संकेतस्थळ ताब्यात घेताना

लेखाच्या आरंभीच्या तंत्रज्ञाकडे परत येऊ. त्याने काय करावे? तिन्ही फाइली मजकूर संपादकात उघडाव्यात. जेक्वेरी आणि बूटस्ट्रॅप यांच्या फाइलींच्या आरंभी असलेल्या टिपणीत आवृत्तीचा आकडा दिलेला असतो. फाइलीचे नाव बदलले, तरी ही टिपणी सहसा शाबूत राहते. पानाचा एचटीएमएल पाहून त्यांपैकी कोणती प्रत्यक्ष जोडली आहे ते ठरवावे. समजा ती १.१२.४ निघाली. मग एनपीएमने सर्वप्रथम नेमकी तीच जुनी आवृत्ती आणावी आणि आलेली फाइल संकेतस्थळावरील फाइलीशी ताडून पाहावी. तंतोतंत जुळली, तर ती निर्धास्तपणे बदलावी. न जुळल्यास कुणीतरी तिच्यात हात घातला आहे. तो बदल कोणता हे शोधून आपल्या स्वतंत्र फाइलीत हलवावा. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पाठभेद पाहण्याची जी शिस्त लागते, तीच येथे लागते: आधी प्रत निश्चित करावी, दुरुस्ती मागाहून.

जुनी आवृत्ती नोंदवहीत आली, की मगच पुढे जावे. एका वेळी एकच लायब्ररी बदलावी, पाने मोबाइलवर आणि संगणकावर तपासावीत, बदल नोंदवावा आणि नंतर दुसरीला हात घालावा. जेक्वेरीच्या पहिल्या मालिकेतून तिसरीत जाताना ‘जेक्वेरी मायग्रेट’ हे सोबतीचे पॅकेज कालबाह्य झालेल्या वापरांच्या सूचना ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दाखवते. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर जेक्वेरी त्याच्यासोबतच येते. दुसरी प्रत जोडू नये.

हस्तांतर

लहान संस्थांची संकेतस्थळे बहुधा एका माणसाच्या भरवशावर चालतात. तो माणूस बदलला, की त्याच्या डोक्यातील माहिती त्याच्यासोबत जाते. वाचनालयाची ग्रंथसूची, देवस्थानचा उत्सवपट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी असा आपल्या भाषेतील पुष्कळ मजकूर अशाच संकेतस्थळांवर आहे. त्यातील काहींची दुसरी प्रत कोठेही नसते.

म्हणून संकेतस्थळ तयार करून घेताना आणि हस्तांतर स्वीकारताना संस्थेच्या कार्यवाहांनी चार गोष्टी मागून घ्याव्यात: मूळ संहितेचा फोल्डर, पॅकेज.जेसन, पॅकेज-लॉक.जेसन आणि ‘संकेतस्थळ पुन्हा कसे उभे करावे’ याचे मराठीत लिहिलेले एक पान. त्या पानावर फार काही लागत नाही. नोडची आवृत्ती, ‘एनपीएम सीआय’, ‘एनपीएम रन कॉपी’ आणि कोणता फोल्डर सर्व्हरवर चढवावयाचा एवढे पुरते. पैसे चुकते करण्यापूर्वी ते पान समोर ठेवून दुसऱ्या एखाद्या संगणकावर संकेतस्थळ उभे राहते काय, हे एकदा पाहावे. राहिले, तर तो विद्यार्थी उद्या परगावी गेला, तरी वाचनालयाचे काम अडणार नाही.